अडीच पानांचं कुंपण

सहन करायचं, नाहीतर सरळ घटस्फोट घ्यायचा. मधलं काही नसतंच, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. एका मैत्रिणीबरोबर पोलीस स्टेशन, सरकारी ऑफिस आणि कोर्टाच्या बाकांवर दोन महिने काढले, तेव्हा कळलं की मध्ये एक दार आहे. फक्त त्यावर पाटी नाही.

ऑगस्ट २०२४. शुक्रवारची संध्याकाळ. मी ‘१५ ऑगस्टच्या लाँग वीकेंडला कुठे जाल?’ ही स्टोरी लिहीत होते. ताम्हिणी झालं, भंडारदरा झालं, आता कोकणातला एखादा होम-स्टे टाकला की मेल करून मोकळी, असा हिशोब. तेवढ्यात मोबाइल वाजला. व्हॉट्सअ‍ॅपवर मीनलचा एकच शब्द. ‘आहेस?’

मी टाइप केलं, ‘डेडलाइन गं. उद्या बोलू?’ आणि खाली एक हार्ट टाकलं.

मीनल (नाव अर्थातच बदललंय) म्हणजे माझी हॉस्टेलची रूममेट. एका बादलीत दोघींचे कपडे भिजवण्याइतकी जवळची. आता हिंजवडीत टीम लीड आहे, हाताखाली अकरा जणं. लग्नात मी तिच्या नवऱ्याचे बूट लपवले होते आणि दोन हजार उकळले होते. त्याला मी जिजू म्हणायचे.

रात्री साडेअकराला बेल वाजली. दारात मीनल. अंगात घरातला कुर्ता, पायात बाथरूमच्या स्लिपर्स, खांद्याला ऑफिसची लॅपटॉप बॅग. पर्स नाही, छत्री नाही, केसांतून पाणी गळतंय. डाव्या मनगटावर चार बोटं स्पष्ट उमटलेली. आत आली, सोफ्याच्या कडेवर बसली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? “सोमवारी नऊला क्लायंट कॉल आहे. तुझ्याकडे टाइप-सी चार्जर आहे ना?”

मी चार्जर दिला. मग टॉवेल दिला. मग दोघी रडलो. या क्रमानेच.

मी दिलेले तीन सल्ले

खरं सांगू का, मला हे आधीपासून माहीत होतं. म्हणजे माहीत असूनही माहीत करून घ्यायचं नव्हतं. दीड वर्षापूर्वी वैशालीत डोसा खाताना ती म्हणाली होती, “तो ना, कधीकधी जरा जास्तच चिडतो.” मी म्हणाले, “वर्क स्ट्रेस असेल. दोघं कुठेतरी फिरून या.” एवढ्यावर थांबले नाही. माझ्याच जुन्या गेटवे स्टोरीची लिंक पाठवली! आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

दुसऱ्यांदा तिने सांगितलं की त्याने हात उचलला. मी म्हणाले, “दोघं मिळून काउन्सेलरकडे जा.” तिसऱ्यांदा तिने फक्त ‘आहेस?’ विचारलं, आणि मी नव्हते.

मास कम्युनिकेशनला आम्हाला मीडिया लॉचा पेपर होता. त्यात ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ यावर पाच मार्कांची टीप यायची. मी ती पाठ केली होती, लिहिली होती, चार मार्क मिळवले होते. पण समोर मैत्रीण ओल्या केसांनी बसलेली असताना त्यातली एक ओळ आठवेल तर शपथ.

‘असं थोडंच असतं मॅडम?’

शनिवारी सकाळी आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. कुठलं, ते महत्त्वाचं नाही. समोरचे हवालदार काही खलनायक नव्हते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, मनगट बघून चुकचुकले. मग विचारलं, “चारशे अठ्ठ्याण्णव करायचंय का? म्हणजे आता कलम पंच्याऐंशी. नवऱ्याला आत टाकायचंय का, तेवढं सांगा. नाहीतर एनसी करतो आणि त्याला बोलावून समज देतो. नवरा-बायकोचं आहे, समजुतीनं घेतलेलं बरं.”

मेनूकार्डावर दोनच पदार्थ. अटक किंवा समज.

मीनल हळू आवाजात म्हणाली, “मला त्याला जेलमध्ये नाही टाकायचंय. मला फक्त त्याने मारायला नको. आणि माझ्या ऑफिसला यायला नको.” मागच्या महिन्यात तो दोनदा ऑफिसच्या गेटवर येऊन आरडाओरडा करून गेला होता. एचआरने तिला प्रेमाने केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की हा तुमचा पर्सनल मॅटर आहे, प्लीज घरी सॉर्ट आउट करा.

हवालदार हसले. कुत्सितपणे नाही, अगदी मनापासून. “असं थोडंच असतं मॅडम? तो येऊ नये म्हणून आम्ही काय रोज गेटवर उभे राहणार?”

आम्ही एनसीची कॉपी घेऊन बाहेर आलो. त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर कायदा उघडला. कोचिंग क्लासच्या नोट्स नव्हे, मूळ कायदा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच लक्षात आलं की असं असतं. अगदी असंच असतं. मीनलने जे दोन वाक्यांत मागितलं होतं, ते कलम १८ मध्ये जवळजवळ तसंच लिहिलेलं आहे. त्याला ‘संरक्षण आदेश’ म्हणतात. मॅजिस्ट्रेट त्या माणसाला लेखी सांगतात की हिंसा करायची नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी पाऊल टाकायचं नाही, फोन, मेसेज, मेल काहीही करायचं नाही, बँकेच्या खात्याला आणि लॉकरला हात लावायचा नाही. मोडलंस तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हा आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा.

म्हणजे आधी ‘थांब’ असं सांगणारा कागद, आणि नाही थांबला तरच तुरुंग. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून देशात लागू आहे. तेव्हा मी चौथीत होते! आणि आता गंमत बघा. याच कायद्याचं कलम ५ म्हणतं की अशी तक्रार ज्या पोलीस अधिकाऱ्याकडे येईल, त्याने त्या बाईला संरक्षण आदेश मागता येतो, संरक्षण अधिकारी असतो, मोफत वकील मिळतो, हे सगळं सांगायलाच हवं. आम्हाला चहा मिळाला. माहिती नाही मिळाली.

‘पगार जबरदस्तीने काढून घेणे’

संरक्षण अधिकारी हे पद तोपर्यंत मी ऐकलंही नव्हतं. कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात तो असावाच लागतो. तक्रार ऐकणं, कौटुंबिक घटना अहवाल भरणं, कोर्टात अर्ज करायला मदत करणं, दवाखाना किंवा आसरा मिळवून देणं, हे सगळं त्याचं काम.

सोमवारी गेलो. “मॅडम मीटिंगला गेल्यात.” बुधवारी गेलो. मॅडम भेटल्या. तीन टेबलांची खोली, छतापर्यंत फायली, खिडकीत वाळत घातलेली छत्री. पन्नाशीच्या, थकलेल्या, पण आवाज मऊ. म्हणाल्या, “माझं मूळ काम दुसरंच आहे हो. हा ॲडिशनल चार्ज. पण बसा, घाई करू नका.” मग त्यांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. बाजारात शंभर गोष्टींचे फॉर्म आपण भरतो, पण असला फॉर्म मी पाहिला नव्हता. त्यात दुःखाचे रकाने होते.

शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक असे चार भाग. मॅडम एकेक ओळ वाचत होत्या आणि मीनल हो-नाही सांगत होती. ढकलणं, हो. चारित्र्यावर संशय, हो. ठरावीक माणसाला भेटायला मनाई, हो. (इथे तिने माझ्याकडे पाहिलं. ते ठरावीक माणूस मी होते.) मग आर्थिक भाग आला. ‘पगार, उत्पन्न जबरदस्तीने काढून घेणे.’

मीनल थांबली. तिचा पगार महिना लाखाच्या घरात. पण नेटबँकिंगचा पासवर्ड नवऱ्याकडे, ओटीपी जाणारा नंबरही त्याचाच, आणि हिला महिन्याला पाच हजार पॉकेटमनी. “हे पण हिंसेत येतं?” तिने विचारलं. “मला वाटलं आमच्याकडे फायनान्स तो बघतो.”

मॅडमनी काहीच न बोलता तिथे टिक केली.

ती टिक मी विसरणार नाही. दोन वर्षं जे तिला नुसतं घुसमटल्यासारखं वाटत होतं, त्याला सरकारी फॉर्मवर छापील नाव होतं. म्हणजे ते तिच्या डोक्यातलं खूळ नव्हतं. दिल्लीत बसून कुणीतरी हा रकाना छापला, म्हणजे तिच्याआधी कितीतरी जणींचं असंच झालं असणार.

आकडेही तेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीतरी लग्न झालेल्या बायकांपैकी २५.२ टक्के जणींनी सांगितलं की नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. म्हणजे चारात एक. तुमच्या कँटीनच्या टेबलावर आठ लग्न झालेल्या मैत्रिणी डबा खात असतील, तर हिशोब तुम्हीच करा. आणि देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी कुठेही मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. बाकीच्या बहुतेक कुणाला तरी ‘आहेस?’ विचारून गप्प बसत असतील.

त्या मॅडमना अर्धवेळ का होईना, आम्ही गाठू शकलो. अनेक जणींना तेही जमत नाही. तक्रारदार कामावर रजा टाकून येणार आणि अधिकारी दुसऱ्याच कामावर असणार, ही जुनी दुखणी आहेत. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं, जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास खात्यातले अधिकारी संरक्षण अधिकारी म्हणून नेमा आणि या कायद्याची लोकांना माहिती द्या. कायदा लागू झाल्यावर जवळजवळ एकोणीस वर्षांनी हे सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

फुकटातली वकील

पुढचा प्रश्न वकिलाचा. मीनलच्या खात्यात तिच्याच हाती येतील असे पैसे जेमतेम सात हजार. मी फ्रीलान्सर, म्हणजे माझी चेकं पुढच्या तिमाहीत येणार. मॅडम म्हणाल्या, “विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना वकील मोफत मिळतो.” मी म्हटलं, “पण हिचा पगार चांगला आहे.” त्या म्हणाल्या, “पगार कुणी विचारला? बाई आहे ना ती?”

खरंच तसं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला उत्पन्नाची अट नाही. आम्हाला मिळालेल्या वकील मॅडम जेमतेम तिशीच्या, स्कूटीवरून येणाऱ्या, बोलायला फटाकडी. त्यांनी तासाभरात आमचे तीन गैरसमज मोडीत काढले.

एक, घर. नवरा सतत म्हणायचा, “फ्लॅट बाबांच्या नावावर आहे, चालती हो.” वकील मॅडम म्हणाल्या, हा डायलॉग जुना झाला. २००६ च्या एका निकालामुळे सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरात सुनेला हक्क मिळेनासा झाला होता, पण ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. ज्या घरात ती सून म्हणून नांदली, ते सासऱ्यांच्या नावावर असलं तरी कायद्याची पायरी न चढता तिला हाकलता येत नाही.

दोन, ठिकाण. अर्ज सासरच्या गावीच करावा लागतो असं नाही. ती सध्या जिथे तात्पुरती राहते, अगदी माझ्या भाड्याच्या वन-बीएचकेमध्ये, किंवा जिथे नोकरी करते, तिथल्या कोर्टातही चालतो. आणि आदेश निघाला की तो भारतभर लागू.

तीन, घटस्फोट. त्याचा अर्ज करायची गरज नाही. लग्न टिकवायचं की मोडायचं हे ती सावकाश ठरवू शकते. आत्ता ठरवायचं ते एवढंच, की उद्यापासून मार खायचा नाही.

हे ऐकून मीनलच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. कारण तिची खरी अडचण तीच होती. साताऱ्याहून आईचा फोन यायचा, “मिनू, घाई करू नकोस गं. धाकट्याचं लग्न ठरतंय, चार लोकांत शोभा नको.” आता ती निदान सांगू शकत होती, “आई, मी काही मोडत नाहीये. मी फक्त मार थांबवतेय.”

गौरी घरात यायच्या

कायदा म्हणतो की पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. आम्हाला पहिली तारीख मिळाली एकोणीस दिवसांनी. नेमकी गौरी-गणपतीच्या दिवसांत.

हे एकोणीस दिवस सगळ्यात वाईट. मार थांबलेला, कागद आलेला नाही, आणि फोन चालू. आधी नवऱ्याचे. मग सासूबाईंचा, “अगं, गौरी घरात यायच्या. सुनेशिवाय कशा आणायच्या?” मीनल अख्खी रात्र जागी. सकाळी बघते तर बाई बॅग भरतेय. “फक्त दोन दिवस जाऊन येते. तेवढ्यात काय होतंय?”

या वेळी मी सल्ला दिला नाही. सल्ल्यांचा माझा रेकॉर्ड तुम्हाला माहीतच आहे. मी एवढंच विचारलं, “त्या फॉर्मवर किती टिका होत्या गं?” ती बसली. मग आम्ही दोघींनी माझ्या ओट्यावर, स्टीलच्या तांब्यावर खण ठेवून, यूट्यूब बघून गौरी बसवल्या. पुरणपोळी हॉटेलची. कशाबशा, पण बसल्या.

त्याच आठवड्यात जिजूंचा मला मेसेज आला. ‘मीनलला तू भडकवतेस. तुझा पत्ता मला माहीत आहे.’ मी बेफिकीर असल्याचं नाटक केलं. पण दाराला खुर्ची लावून झोपायला लागले. घरमालकीण काकूंनी तर आधीच बजावलं होतं, “लग्न झालेली आहे ना ती? पोलीसबिलीस यायला नकोत हो दारात. सोसायटी आहे ही.”

अकरा मिनिटं

पहिल्या तारखेला तो आला नाही. नोटीस पोहोचलीच नव्हती, घराला कुलूप होतं म्हणे. पुढची नोटीस त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर गेली आणि पोहोचली. दुसऱ्या तारखेलाही तो आला नाही. आम्ही मात्र सकाळी साडेदहापासून बाकावर. शेजारी मावळातून आलेली एक बाई, मांडीवर पोर. तिची ही नववी तारीख. ती पहाटेची पहिली एसटी पकडून आली होती आणि रोजंदारी बुडाली होती. मीनलची फक्त हाफ-डे लीव्ह. तिथे बसल्यावर कळतं की आपण ज्याला त्रास म्हणतोय, तो फार सुखातला त्रास आहे.

दुपारी पुकारा झाला. वकील मॅडमनी प्रतिज्ञापत्र पुढे केलं आणि कलम २३ दाखवलं. समोरचा गैरहजर असला, तरी प्रतिज्ञापत्रावरून अंतरिम आदेश देता येतो. मॅजिस्ट्रेटनी एनसी वाचली, घटना अहवाल वाचला, मीनलला दोन प्रश्न विचारले. बस्स. घड्याळ लावून अकरा मिनिटं.

आदेश अडीच पानांचा. हिंसा करू नये. कामाच्या ठिकाणी जाऊ नये. कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये. तिच्या बँक खात्यात हस्तक्षेप करू नये. पासपोर्ट, डिग्रीची सर्टिफिकेट्स आणि स्त्रीधन परत करावं (त्यात आजीच्या पाटल्या होत्या). आणि मग एक ओळ, जी मी तीनदा वाचली. अर्जदाराला मदत करणाऱ्या व्यक्तीवरही कोणतीही हिंसा करू नये.

ती व्यक्ती मी होते!

कलम १८ मध्येच ते आहे, मी आधी वाचताना घाईत ओलांडून गेले होते. ज्यांनी हा कायदा लिहिला, त्यांना माहीत होतं की मार खाणारी बाई कुणाच्या तरी दारात जाते. आणि दार उघडणारीलाही भीती वाटते. दीड वर्ष मी जिला टाळलं, तिच्या कागदात कायद्याने माझीही सोय केली होती. कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर उभी राहून मी रडले, तर मीनल म्हणते कशी, “तुला काय झालं? केस माझी आहे.”

कागद काय करतो?

परवा एका ऑफिसपार्टीत एक मित्र म्हणाला, “पण यार, या कायद्यांचा मिसयूज किती होतो!” मी त्याला विचारलं, “समजा कोर्टाने उद्या तुला लेखी सांगितलं की बायकोला मारू नकोस आणि तिच्या ऑफिसच्या गेटवर तमाशा करू नकोस. तर तुझा नेमका कुठला प्लॅन बिघडेल?” तो बर्फ ढवळत राहिला. या आदेशाने कुणी आपोआप तुरुंगात जात नाही. तो मोडला, तरच.

आणि हो, तो मोडायचा प्रयत्न झाला. नोव्हेंबरमध्ये जिजू पुन्हा ऑफिसच्या गेटवर. पण या वेळी सिक्युरिटी केबिनमध्ये आदेशाची झेरॉक्स होती. एक प्रत पोलीस स्टेशनला गेलेली होती. मीनलने ११२ लावला आणि ‘नवरा त्रास देतोय’ म्हणण्याऐवजी म्हणाली, “कोर्टाच्या संरक्षण आदेशाचा भंग होतोय.” सोळा मिनिटांत गाडी आली. तेच पोलीस स्टेशन, तेच हवालदार! त्यांनी कागद वाचला, गॉगल काढला आणि त्याला म्हणाले, “साहेब, हे घरगुती राहिलं नाही आता. बसा गाडीत.”

कागद हात अडवत नाही, हे मान्य. पण त्या दिवसापासून तो आलेला नाही. मूळ अर्ज अजून चालू आहे, साठ दिवस कधीच उलटले. मीनल आता औंधमध्ये एका छोट्या फ्लॅटमध्ये राहते. नेटबँकिंगचा पासवर्ड तिचा स्वतःचा. लग्नाचं काय करायचं, ते ती ठरवेल तेव्हा ठरवेल.

पर्समध्ये ठेवा

- तातडीला ११२. महिला हेल्पलाइन १८१. मोफत वकिलासाठी विधी सेवेचा क्रमांक १५१००.

- संरक्षण अधिकारी भेटले नाहीत तरी अडून बसू नका. मॅजिस्ट्रेटकडे थेट अर्ज करता येतो. घटना अहवाल नसला तरी अर्ज चालतो, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

- कायदा फक्त बायकोसाठी नाही. एका घरात राहणारी आई, बहीण, मुलगी, आणि लग्नासारख्या नात्यातली लिव्ह-इन पार्टनरही अर्ज करू शकते. २०१६ पासून घरातल्या स्त्रीविरुद्धही अर्ज करता येतो.

- मदतीची जुनी ठिकाणंही आहेत. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र.

- फोटो, मेसेज, दवाखान्याचे कागद मैत्रिणीला मेल करून ठेवा. आदेश मिळाला की एक प्रत ऑफिसच्या सिक्युरिटीला द्या. कोर्टाकडून प्रत मोफत मिळते.

मैत्रिणी, तुझ्यासाठी वेगळी टीप. हिंसा होते आहे अशी खबर संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीसाठी खबर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. म्हणजे ‘आपण कशाला मध्ये पडायचं’ याला कायद्याने जागाच ठेवलेली नाही.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा लॅपटॉपवर. पुन्हा शुक्रवार, पुन्हा वीकेंड स्टोरी, रात्री आठची डेडलाइन. दार वाजलं. घरमालकीण काकू. हातात उकडीच्या मोदकांचा डबा, संकष्टी होती. डबा ठेवला तरी जाईनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “ते तुझ्या मैत्रिणीने भरलेला तो फॉर्म... त्याची एखादी कोरी झेरॉक्स आहे का गं तुझ्याकडे?”

साडेसात वाजले होते. मी लॅपटॉप बंद केला.

“आहे ना काकू. बसा. चहा टाकते.”